तयार संचातील क्विल्ट : निवड, श्रम आणि कर्तृत्वाचा प्रश्न

गोषवारा

अमेरिकेत क्विल्ट शिवण्यासाठी लागणारे कापड, नकाशा आणि सूचना एकत्र बांधून विकण्याची प्रथा सुमारे एक शतक जुनी आहे. अशा तयार संचावरून शिवलेला क्विल्ट शिवणारीचा स्वतःचा म्हणावा काय, हा वाद तितकाच जुना आहे. प्रस्तुत लेखात संचाचे स्वरूप, त्याचा इतिहास आणि त्यावरील आक्षेप यांचा परामर्श घेतला आहे. संचामुळे कारागिराचे कर्तृत्व नष्ट होत नाही, तर ते विभागले जाते. अन्याय घडतो तो या विभागणीची नोंद न झाल्यामुळे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्विल्ट, तयार संच, हस्तव्यवसाय, स्त्रियांचे श्रम, कर्तृत्व.

१. प्रस्तावना

क्विल्ट म्हणजे तीन थरांचे पांघरूण. वरचा थर बहुधा लहानमोठ्या कापडी तुकड्यांचा, मधला कापसाच्या किंवा अन्य तंतूंच्या लादीचा आणि खालचा अस्तराचा असतो. हे तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारे जे टाके, त्यांना क्विल्टिंग म्हणतात. वरचा थर दोन रीतींनी तयार होतो. पहिल्या रीतीत तुकडे एकमेकांना कडेने जोडून भौमितिक आकृती साधतात, तर दुसऱ्या रीतीत पाने, फुले, पक्षी असे आकार कापून ते मूळ कापडावर शिवतात. या दुसऱ्या रीतीस अॅप्लिक ही संज्ञा रूढ आहे.

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ही वस्तू क्विल्टची जवळची नातेवाईक होय. जुनी लुगडी व धोतरे यांचे थर एकावर एक पसरून त्यांवर धावदोऱ्याच्या रांगा घालण्याची आपली रीत सर्वपरिचित आहे. गोधडीचे साहित्य घरातल्या गाठोड्यातून येते. जे शिल्लक आहे त्यातून काय साधेल, या प्रश्नापासून तिची सुरुवात होते. तयार संचाचा क्रम नेमका उलटा आहे. तेथे काय साधायचे हे चित्रात आधीच ठरलेले असते आणि त्यासाठी लागणारे नवे कापड मोजून दिलेले असते. गोधडी डोळ्यांसमोर असलेल्या मराठी वाचकाला संचाविषयीचा अमेरिकेतील वाद म्हणूनच लवकर उमगेल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) तयार संचाचे प्रकार व त्यात शिवणारीकडे उरणारे काम स्पष्ट करणे.
(२) संचाच्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
(३) संचावरील आक्षेपांची चिकित्सा करून कर्तृत्वाच्या प्रश्नाची मांडणी करणे.

२. संचाचे स्वरूप आणि शिवणारीचे काम

संच हा शब्द एकच असला तरी त्याखाली निरनिराळ्या वस्तू येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक अॅप्लिक संच छापील स्वरूपाचे होते. मूळ पांढऱ्या कापडावर फुलापानांच्या जागा आणि क्विल्टिंगच्या रेषा फिकट निळ्या ठिपक्यांनी छापलेल्या असत, आणि धुतल्यावर हे ठिपके निघून जावेत अशी अपेक्षा असे. रंगीत कापडावर कापण्याच्या रेषा छापून प्रत्येक तुकड्यास क्रमांक दिलेला असे. शिवणारीने तुकडा कापावा, कड आत दुमडावी आणि त्याच क्रमांकाच्या जागी तो शिवावा, अशी ही योजना होती. दुसऱ्या प्रकारात तुकडे कारखान्यातच साच्याने कापून येत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर क्रॉस स्टिचच्या छापील फुल्या असलेल्या क्विल्ट संचांनाही मोठी मागणी आली.

आजच्या संचात सामान्यतः नमुन्याची पुस्तिका आणि वरच्या थरापुरते व काठपट्टीपुरते मोजलेले कापड असते. अस्तर आणि मधली लादी पुष्कळदा वेगळी घ्यावी लागते. याखेरीज अर्धवट संच म्हणता येईल असा एक प्रकार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून लोकप्रिय झाला आहे. एकाच छापमालिकेतील कापडांचे समान मापाचे तुकडे गठ्ठ्याने विकले जातात. ५ इंची चौकोन, १० इंची चौकोन आणि कापडाच्या पूर्ण पन्ह्याच्या अडीच इंची पट्ट्या ही त्यांतील नेहमीची मापे आहेत. पट्ट्यांच्या गुंडाळीस ‘जेली रोल’ हे खाद्यपदार्थाचे नाव मिळाले आहे. येथे रंगसंगती विक्रेत्याची असते, परंतु मांडणी शिवणारीची राहते.

संचात सर्व काही तयारच असते, मग शिवणारी करते काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शिवणीच्या मापात आहे. अमेरिकी पद्धतीत दोन तुकडे जोडताना प्रत्येकाची पाव इंच कड शिवणीत जाते. ही कड प्रत्येक तुकड्यात एक सोळांश इंचाने अधिक धरली गेली, तर एका शिवणीत दोन्ही तुकडे मिळून एक अष्टमांश इंच कापड जास्त आत जाते. एका ओळीत अशा सोळा शिवणी असल्यास ती ओळ तब्बल २ इंचांनी आखूड होते. शेजारची ओळ बरोबर मापाची असेल, तर दोन्हींचे कोपरे जुळत नाहीत आणि सबंध मांडणी ओढल्यासारखी दिसते. संच कापड मोजून देतो, पण हाताचा नेम देऊ शकत नाही.

शिवाय वरचा थर पूर्ण झाला म्हणजे क्विल्ट पूर्ण झाला असे नाही. तिन्ही थर ताणून कच्च्या टाक्यांनी बांधणे, नंतर सर्व थरांतून जाणारे समान अंतराचे बारीक टाके घालणे आणि शेवटी कडेला काठपट्टी लावणे हे काम हाताने केल्यास महिनोन् महिने चालते. संच यातील निवडीचा भाग कमी करतो. श्रमाचा मोठा भाग तो शिवणारीकडेच ठेवतो.

३. संचाचा इतिहास

विकतच्या साहित्यावर क्विल्ट बेतणे ही आधुनिक काळातील घसरण आहे, असा एक समज आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. अठराव्या शतकात भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या चित्रित सुती कापडांतील फुले व पक्षी कापून ते पांघरुणावर शिवण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रूढ होती. म्हणजे आकृती दूरच्या कारागिराची आणि टाका घरच्या स्त्रीचा, अशी विभागणी तेव्हाही होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये क्विल्टच्या मध्यभागी लावण्यासाठी खास छापलेली कापडी चित्रे विकली जात. तिसरा जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीनिमित्त १८१० साली काढलेली अशी चित्रे असलेले क्विल्ट आजही संग्रहालयांत आहेत.

नमुन्यांचा टपालाने व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला. सेंट लुईस येथे १८८९ मध्ये सुरू झालेल्या लेडीज आर्ट कंपनीने शेकडो नमुन्यांचे सूचिपत्र काढून तो देशभर पोहोचविला. यापुढचे निर्णायक पाऊल इंडियाना राज्यातील मेरियन या गावच्या मेरी वेब्स्टर (१८५९–१९५६) यांनी टाकले. त्यांचे अॅप्लिक क्विल्ट १९११ पासून ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात रंगीत छापून आले आणि वाचक स्त्रियांकडून नमुन्यांची मागणी सुरू झाली. १९१५ मध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ अमेरिकी क्विल्टवरील पहिला स्वतंत्र ग्रंथ मानला जातो. मैत्रिणींच्या साहाय्याने त्यांनी पुढे ‘प्रॅक्टिकल पॅचवर्क कंपनी’ स्थापन केली. या कंपनीकडून केवळ कागदी नमुना, छापलेला संच, कच्च्या टाक्यांनी तुकडे बसवून दिलेला वरचा थर किंवा पूर्ण शिवलेला क्विल्ट यांपैकी काहीही मागविता येई. ग्राहकाने किती श्रम स्वतः करायचे आणि किती विकत घ्यायचे, याचे पर्यायच जणू तेथे मांडलेले होते. वेब्स्टर यांचे मेरियन येथील घर आज क्विल्ट क्षेत्रातील मान्यवरांच्या स्मरणार्थ संग्रहालय म्हणून जतन केले आहे.

१९२० व १९३० च्या दशकांत या व्यवसायाचा झपाट्याने विस्तार झाला. वसाहतकालीन घरांच्या सजावटीचे त्या काळी मोठे आकर्षण होते आणि आजीच्या काळातला क्विल्ट घरी असावा, ही इच्छा त्यातूनच निर्माण झाली. विरोधाभास असा की, ही ‘जुनी’ वस्तू नव्या फिकट रंगांत, नव्या आकृत्यांत आणि टपालाने आलेल्या पुडक्यातून घरी येत होती. मिसुरी राज्यातील रूबी मॅकिम यांचे नमुने वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ पासून क्विल्टचे नमुने नियमितपणे छापले. सिनसिनाटीच्या स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनीने तर आपल्या ‘माउंटन मिस्ट’ कापूसलादीच्या वेष्टनावरच नमुने छापले. बुसिला, पॅरॅगॉन, प्रोग्रेस ही संचांची नावे पुढे कित्येक दशके घरोघर परिचित राहिली.

४. आक्षेप आणि त्यांची चिकित्सा

संचावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले गेले.

पहिला आक्षेप मौलिकतेचा आहे. संचावरचा क्विल्ट म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेची नक्कल, असे त्याचे म्हणणे. परंतु संच नसलेल्या क्विल्टमध्येही आकृती बहुधा परंपरेतून आलेली असते. आठ टोकांची चांदणी किंवा लाकडी ओंडक्यांच्या घराची आठवण देणारी पट्ट्यांची चौकट ही कोणा एकीची निर्मिती नव्हे. शेजारणीकडून घेतलेला नमुना परंपरा ठरतो आणि विकत घेतलेला नमुना नक्कल ठरतो, हा भेद तर्कापेक्षा भावनेवर आधारलेला आहे.

दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा आहे. एकाच संचावरून शिवलेले क्विल्ट सारखेच दिसणार, हे वरवर खरे वाटते. प्रत्यक्षात दोन क्विल्ट शेजारी ठेवले असता टाक्यांची घनता, कडांचे वळण, फुलांच्या टोकांची धार यांत ठळक फरक दिसतो. काही स्त्रियांनी संचातील रंग बदलले, काहींनी झालर वगळली, तर काहींनी छापील क्विल्टिंगरेषा बाजूला सारून आपली रेषा आखली. संच म्हणजे अंतिम आज्ञा आहे, असे सर्वांनी मानले नाही.

तिसरा आक्षेप काटकसरीचा आहे. क्विल्ट उरल्यासुरल्या कापडाचा असावा आणि नवे कापड विकत घेऊन त्याचे तुकडे करणे हा विपर्यास आहे, असे म्हटले जाते. गोधडीच्या संस्कृतीत वाढलेल्या वाचकास हा आक्षेप सर्वाधिक पटेल आणि त्यात तथ्यही आहे. आर्थिक मंदीच्या काळात पिठाच्या व पशुखाद्याच्या छापील सुती पिशव्या उसवून क्विल्ट शिवणाऱ्या असंख्य कुटुंबांना संच परवडणारा नव्हता. तथापि अमेरिकेतील अनेक सुबक जुने क्विल्ट हे नव्या, खास विकत घेतलेल्या कापडाचे होते, हेही विसरता येत नाही. काटकसर ही क्विल्टची एक परंपरा आहे, एकमेव नव्हे.

या आक्षेपांचा परिणाम संशोधनावरही झाला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्टचे प्रदर्शन भरले. भिंतीवर चित्राप्रमाणे टांगलेले ते क्विल्ट अमूर्त चित्रकलेच्या दृष्टीने निवडलेले होते. या प्रदर्शनाने क्विल्टला कलावस्तूची प्रतिष्ठा दिली, हे त्याचे मोठे श्रेय होय. परंतु त्यात भौमितिक तुकडेजोडीला अग्रस्थान होते आणि शिवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अनामिकच राहिल्या. फुलापानांचे संच या दृष्टीच्या कक्षेत बसणारे नव्हते. आकृतीला कला मानले गेले आणि टाका पुन्हा मागेच राहिला.

५. कर्तृत्वाचा प्रश्न : दोन घटना

कर्तृत्व नेमके कोठे हरवते, हे समजण्यासाठी दोन घटना उपयुक्त ठरतात.

पहिली घटना १९३३ ची आहे. शिकागो येथील ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स, रोबक कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली. २४ हजारांहून अधिक क्विल्ट आले. सर्वोच्च पारितोषिक १,००० डॉलरचे होते आणि मंदीच्या त्या वर्षांत ही रक्कम फार मोठी होती. विकतच्या नमुन्यांवरून केलेले क्विल्टही स्पर्धेत होते. पहिले पारितोषिक मात्र केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांच्या नावे गेलेल्या पारंपरिक चांदणीच्या क्विल्टला मिळाले. क्विल्ट स्पर्धकाने स्वतः केलेला असावा, अशी अट होती. पुढील काळात अमेरिकी अभ्यासकांनी केलेल्या शोधातून असे पुढे आले की, केडन यांनी तो शिवलेला नव्हता. केंटकीतील काही स्त्रियांनी मजुरीवर ते काम केले होते. पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला नाही. काम गमावण्याच्या भीतीने त्या काळी त्यांनी तोंडही उघडले नाही.

या घटनेचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. संचाच्या टीकाकारांनी ज्या गोष्टीची भीती बाळगली, ती येथे संचाशिवायच घडली. नमुना परंपरागत होता आणि टाके अत्यंत कुशल होते, तरीही क्विल्टवरचे नाव खोटे होते. उलट त्याच वर्षी कोणा गृहिणीने पॅरॅगॉनच्या किंवा वेब्स्टर यांच्या संचावर घरी शिवलेल्या क्विल्टमध्ये टाक्यांचे नाव तरी खरे होते.

दुसरी घटना अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्याची आहे. मतदानाच्या हक्कासाठी पुढे आल्यामुळे रोजगार व निवारा गमावलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना उत्पन्न मिळावे म्हणून १९६६ मध्ये तेथे ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. जीज बेंड या वस्तीतील स्त्रियाही तीत काम करीत. मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा असे, म्हणून ठरावीक नमुने ठरावीक मापात शिवावे लागत. १९७२ मध्ये संस्थेस सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. यात नवनिर्मितीला वाव नव्हताच. कापड कंपनीचे, माप कंपनीचे आणि रंगही कंपनीचेच. परंतु कापणीतून उरलेल्या पट्ट्या स्त्रियांनी घरी नेल्या आणि त्यातून आपल्या मनाचे क्विल्ट शिवले. जीज बेंडचे क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात प्रदर्शित झाले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही आले. त्या परंपरेत या कॉर्डरॉय क्विल्टना आज मानाचे स्थान आहे.

दोन्ही घटना एकत्र वाचल्यास असे दिसते की, साहित्य व माप दुसऱ्याने ठरवून दिले म्हणून शिवणारीची निर्मितिक्षमता संपत नाही. मात्र तिच्या श्रमाची नोंद झाली नाही, तर उत्तम निर्मितीही दुसऱ्याच्या नावे जमा होते.

६. आजची प्रथा

अमेरिकेतील क्विल्ट समुदायाने या प्रश्नावर व्यवहारातून एक उत्तर काढले आहे. क्विल्टच्या मागील बाजूस कापडी पट्टी लावून तीवर शिवणारीचे नाव, गाव आणि वर्ष लिहिण्याचा आग्रह आता सर्वत्र धरला जातो. वरचा थर एकीने शिवायचा आणि क्विल्टिंग मोठ्या यंत्रावर दुसऱ्या व्यावसायिकाकडून करून घ्यायचे, ही आज सामान्य गोष्ट आहे. त्यामुळे अनेक प्रदर्शनांच्या प्रवेशपत्रिकेत नमुना कोणाचा, जोडणी कोणाची आणि क्विल्टिंग कोणाचे याची पृथक् नोंद मागतात, आणि दोघींनी मिळून केलेल्या क्विल्टसाठी स्वतंत्र गटही ठेवतात. संचावर बंदी घालण्यापेक्षा संचाचा उल्लेख करणे, हा मार्ग अधिक न्याय्य ठरला आहे.

शिक्षणाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. नवशिक्या व्यक्तीस रंगनिवड, मापगणित आणि शिवण या तिन्ही अडचणी एकाच वेळी आल्या, तर काम अर्ध्यावर सुटण्याचा संभव असतो. संच पहिल्या दोन अडचणी तात्पुरत्या दूर करतो व तिसरीवर लक्ष केंद्रित करू देतो. मात्र संचापाशीच थांबणारी व्यक्ती निवड करायला कधीच शिकत नाही. गृहविज्ञानाच्या किंवा वस्त्रशास्त्राच्या प्रात्यक्षिकात याचा उपयोग करावयाचा झाल्यास क्रम असा ठेवता येईल : प्रथम पूर्ण संच, नंतर तयार मापाचे तुकडे व स्वतःची मांडणी, आणि शेवटी घरातील जुन्या कापडाचे गाठोडे. या तिसऱ्या पायरीवर विद्यार्थिनी गोधडीपाशी पोहोचते, आणि आपल्या घरात सर्वांत सोपी समजली गेलेली वस्तू निवडीच्या दृष्टीने सर्वांत अवघड होती, हे तिच्या ध्यानात येते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) तयार संच ही क्विल्टच्या परंपरेतील बाहेरची वस्तू नसून, आकृती एकाची व टाका दुसऱ्याचा या जुन्या विभागणीचे ते व्यापारी रूप आहे.
(२) संच निवडीचे काम आपल्याकडे घेतो, परंतु अचूकतेचे आणि चिकाटीचे काम शिवणारीकडेच राहते. म्हणून संचावरील क्विल्टचे मूल्यमापन टाक्यांवरून व्हावे, कल्पकतेचे श्रेय मात्र संच रचणाऱ्यास द्यावे.
(३) खरी हानी संचामुळे नव्हे, तर मौनामुळे होते. १९३३ चे पारितोषिक हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडील गोधडीलाही लागू पडतो. बचत गटांनी शिवलेल्या गोधड्या आज शहरांतील प्रदर्शनांतून विकल्या जातात. त्यांवर गटाचे किंवा विक्रेत्याचे नाव असते, शिवणाऱ्या हातांचे क्वचितच. महाविद्यालयांनी अशा गोधड्यांचे सर्वेक्षण विद्यार्थ्यांकडून करून घेताना कापड कोणाचे, बेत कोणाचा आणि टाका कोणाचा, हे तीन रकाने आपल्या नोंदपत्रकात ठेवावेत. ज्या रकान्यात नाव मिळणार नाही, तो रिकामा का राहिला याची चौकशी करणे हे त्या सर्वेक्षणाचे पहिले काम ठरेल.